नदीची ओळख

पावसाळा सरून कार्तिक उजाडला की गोव्याच्या अंतर्भागातील नद्यांचे रूप पालटते. आषाढ-श्रावणात तांबडे लोट घेऊन काठ कुरतडीत धावणारी म्हादई निवळते, पात्रातले काळे खडक उन्हात पाठ शेकू लागतात आणि काठावरच्या जांभूळ-करंजांच्या सावल्या डोहात स्थिर दिसू लागतात. याच दिवसांत आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची आणि अनेक देवस्थानांत देवाची पालखी वनभोजनाला नेण्याची आपल्याकडे चाल आहे. साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री सजविलेल्या नौका वाळवंटीच्या पात्रात उतरतात, तेव्हा सारा पंचक्रोशीचा समाज काठावर लोटतो. तांबडी सुर्ल्याला घनदाट अरण्यात, ओढ्याच्या काठी, कदंबकालीन कारागिरांनी महादेवाचे काळ्या पाषाणाचे मंदिर उभारले. तेही जागा पाहूनच उभारले असले पाहिजे. तात्पर्य, घर सोडून नदीकाठी झाडाखाली काही प्रहर घालवावेत, ही कल्पना आपल्याला कोणा परकीयाने शिकविलेली नाही. ती आपल्या सणावारांतच होती.

आज मात्र परिस्थिती अशी आहे की, पणजी, मडगाव, म्हापसा किंवा वास्को येथे वाढणाऱ्या मुलाला नदी ठाऊक असते ती पुलावरून. मोटार मांडवीच्या पुलावर आली की खाली रुंद पाणी दिसते, त्यावर रोषणाईने झगमगणाऱ्या जुगाराच्या नौका दिसतात, आणि पूल संपला की नदीही संपते. ही नदी कोठून येते, वर तिला म्हादई का म्हणतात, खांडेपारची नदी तिला कोठे भेटते, भरतीचे खारे पाणी तिच्या पात्रातून आत कोठवर चढते, याची त्या मुलाला गंधवार्ता नसते. यात मुलाचा दोष नाही. त्याला नदीकाठी नेऊन बसविण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती टाळली आहे. आम्ही येथे पालक, शाळा आणि शासन या तिघांचाही विचार करतो.

बंदीचा सोपा मार्ग

ज्याला नदी ठाऊक नाही तोच नदीत बुडतो, हे कटू सत्य दर वर्षी नव्याने सिद्ध होते. पहिला जोरदार पाऊस झाला की धबधब्यांची छायाचित्रे हातोहात फिरतात, शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात आणि सोमवारच्या वर्तमानपत्रात बुडालेल्यांची नावे येतात. धबधब्यांखेरीज पाण्याने भरलेल्या, टाकून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणींतही तरुण मुले प्राणास मुकतात. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापीच्या धबधब्यात दोघे बुडाले, तेव्हा अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालण्यात आली. त्याच महिन्यात दूधसागरकडे निघालेल्या शेकडो हौशी तरुणांना रेल्वेच्या पोलिसांनी लोहमार्गावरच उठाबशा काढावयास लावल्याचे दृश्य सगळ्या देशाने पाहिले. त्या दृश्याला अनेकजण हसले. आम्हांला हसू आले नाही. जी तरुण पिढी पावसात भिजावयास, डोंगर चढावयास, धबधबा पाहावयास स्वतःच्या पायांनी निघाली आहे, तिच्यासाठी आपल्यापाशी लोहमार्ग आणि उठाबशा यांखेरीज काही नाही, अशी ती कबुलीच होती.

बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्यांचा हेतू आम्ही जाणतो. प्रेत काढावयास नदीत उतरणाऱ्या अग्निशामक दलाच्या जवानांना आणि गावकऱ्यांना विचारा, म्हणजे बंदीची निकड कळेल. भर पावसात धबधबे बंद असावेत, याविषयी आमचा वादच नाही. परंतु बंदी हा पावसाळ्यातला तात्पुरता उपाय झाला. तेच वर्षभराचे धोरण होऊ लागले, तर एवढेच घडते की, सभ्य माणूस घरी बसतो आणि बेपर्वा माणूस चोरवाटेने जातो. चोरवाटेने जाणाऱ्याबरोबर वाटाड्या नसतो, दोरखंड नसतो आणि तो कोठे गेला आहे हे सांगावयासही कोणी नसते. समुद्रकिनाऱ्यावर २००८ पासून जीवरक्षक नेमले गेले आणि त्यांनी असंख्य प्राण वाचविले. किनारा धोक्याचा म्हणून तो बंद करण्याचा विचार कोणी केला नाही, कारण त्या किनाऱ्यावर लाखोंचा व्यापार चालतो. नदीकाठावर व्यापार नाही म्हणून तेथे कुलूप लावणे सोपे जाते, एवढाच काय तो फरक.

नायगाराचा धडा

अशाच एका जलप्रपाताची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील नायगाराचा धबधबा एकोणिसाव्या शतकात जगप्रसिद्ध झाला, तशी त्याच्या काठाची जमीन गिरणीवाल्यांनी, खाणावळवाल्यांनी आणि फेरीवाल्यांनी व्यापली. परिस्थिती अशी झाली की, प्रवाशाला प्रपात नुसता डोळ्यांनी पाहावयाचा तरी कुंपणाच्या फटीसाठी पैसे मोजावे लागत. निसर्गाचे देणे पाहावयास दलालाची परवानगी लागावी, हे काही विचारी नागरिकांना सहन झाले नाही. न्यूयॉर्कमधील विख्यात सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओमस्टेड हे त्यांच्या अग्रभागी होते. चळवळीस यश येऊन १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, खासगी मालकांकडून काठ विकत घेतला, गिरण्या आणि टपऱ्या हटविल्या आणि १८८५ च्या जुलै महिन्यात तो काठ सर्वांना विनामूल्य खुला केला. त्या देशातील सर्वांत जुने राज्य उद्यान म्हणून ते आजही ओळखले जाते. तत्पूर्वी १८६४ मध्ये, अंतर्गत युद्ध चालू असतानाच, योसेमिटीचे खोरे जनतेच्या उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करण्यात आले होते. पुढे ते राष्ट्रीय उद्यानात सामील झाले.

या राज्य उद्यानांची रीत साधी आहे. नदीच्या किंवा तळ्याच्या काठी, पुराच्या रेषेपासून दूर, तंबू ठोकण्याच्या जागा आखलेल्या आणि क्रमांक घातलेल्या असतात. प्रत्येक जागेपाशी एक बाक, चूल पेटवावयास दगडांचे किंवा लोखंडाचे कडे आणि जवळपास पिण्याच्या पाण्याचा नळ व शौचालय, एवढीच सोय. शुल्क मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल असे. पुष्कळ ठिकाणी एका कुटुंबास सलग दोन आठवड्यांहून अधिक राहता येत नाही. कोणी कितीही धनवान असला तरी त्याला ती जागा अडवून ठेवता येत नाही. संध्याकाळी उद्यानाचा रक्षक शेकोटीपाशी येऊन मुलांना त्या अरण्याची माहिती सांगतो. महामंदीच्या काळात, १९३३ पासून १९४२ पर्यंत, तेथील शासनाने तीस लाखांच्या आसपास बेकार तरुणांना जंगलांत आणि उद्यानांत कामाला लावले. आज लोक ज्या वाटांनी चालतात आणि ज्या दगडी निवाऱ्यांत विसावतात, त्यांतील कितीतरी त्या तरुणांच्या हातचे आहेत.

परदेशाचे जे जे ते ते उत्तम असे आम्ही मानीत नाही. तेथे जमीन अफाट आणि वस्ती विरळ आहे. गोव्याचे सारे क्षेत्रफळच ३७०२ चौरस किलोमीटर, आणि २०२४ या एका वर्षात येथे एक कोटीहून अधिक पर्यटक आले. तथापि नायगाराच्या हकीगतीचे मर्म क्षेत्रफळात नाही. नदीचा काठ कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर कसे मिळाले ते आपण पाहतोच आहोत. ज्या पुळणीवर आपल्या आजोबांनी सायंकाळी नारळीच्या बुंध्याला टेकून वारा घेतला, तेथे नातवाला पैसे मोजल्यावाचून बूड टेकावयास जागा मिळत नाही. किनारा भरला, म्हणून आता व्यापाऱ्यांचे डोळे अंतर्भागाकडे वळले आहेत. नदीकाठचे डोंगर कापून बंगल्यांच्या वसाहती रचण्याच्या जाहिराती आपण वाचतोच. सार्वजनिक म्हणून जे काही राखून ठेवावयाचे असेल ते आताच राखले पाहिजे. एकदा विकलेला काठ परत विकत घेण्याइतके न्यूयॉर्क राज्याचे द्रव्यबळ आपल्यापाशी नाही.

तंबू कोठे ठोकावा

गोव्यापाशी मूळचे भांडवल मोठे आहे. मोलेचे भगवान महावीर अभयारण्य २४० चौरस किलोमीटरांचे असून त्यातील १०७ चौरस किलोमीटरांच्या गाभ्याला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. खोतीगाव ८६ चौरस किलोमीटरांचे, तर बोंडला अवघ्या ८ चौरस किलोमीटरांचे. १९९९ मध्ये २०८ चौरस किलोमीटरांचे म्हादई आणि २११ चौरस किलोमीटरांचे नेत्रावळी यांची भर पडली. चोडण बेटावरचे डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य तर दोन चौरस किलोमीटरांहूनही लहान. एकूण राज्याचा सुमारे पाचवा भाग अभयारण्यांखाली आहे. एवढ्या लहान राज्याला हे भूषणावह आहे.

मात्र अरण्याचे पहिले हक्कदार त्यातील प्राणी होत, हे विसरून चालणार नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या अरण्यात चार वाघ मृतावस्थेत सापडले, त्याची लाज अजून पुसली गेलेली नाही. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघाच्या वाटेवर तंबू ठोकावेत असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात प्रवेशाला परवाना लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. आमची सूचना अभयारण्याच्या गाभ्याविषयी नाहीच. मोले आणि बोंडला येथे वनखात्याची आवारे आधीच आहेत. तशा आवारांलगत, तसेच अभयारण्याबाहेरच्या गावांत ग्रामसभेच्या संमतीने, नदीपासून सुरक्षित अंतरावर पंधरा-वीस तंबूंच्या मोजक्या जागा आखाव्यात. सिमेंटचे बांधकाम नको, ध्वनिवर्धक नको, मद्य नको. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जागा खुल्या असाव्यात, आणि पहिला हक्क गोव्यातील शाळांचा असावा.

व्यवस्थेची सूत्रे मात्र गावकऱ्यांच्या हाती हवीत. धनगर, वेळीप आणि गावकर समाजांतील माणसांना कोणत्या वहाळाला कधी पाणी येते, कोणत्या कोंडीत भोवरा आहे, गवा कोणत्या वाटेने पाण्यावर उतरतो, हे पाठ असते. हे ज्ञान कोणत्याही पदवीने मिळत नाही. अभयारण्य म्हणजे आपल्याला उठविण्याचा कट, अशी धास्ती याच माणसांच्या मनात घर करून आहे. अरण्य राखल्याने आपल्या मुलाच्या ताटात भात पडतो असा अनुभव त्यांना आला, तर ती धास्ती ओसरेल. कुळ्याच्या लोकांचे उदाहरण समोरच आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा दूधसागरकडे प्रवाशांना नेणाऱ्या जीपगाड्यांचा तेथील कितीतरी कुटुंबांना आधार झाला. ज्या घरी वाटाड्या असेल त्याच घरी उकड्या तांदळाची पेज आणि नाचणीची भाकरी शिजावी, म्हणजे पाहुण्याच्या खिशातील रुपया गावातच राहील.

शिबिराला जाणाऱ्यांनीही काही गोष्टी शिकावयास हव्यात, आणि त्या शाळेतच शिकविल्या पाहिजेत. नदीच्या पात्रातील वाळूच्या पट्ट्यावर कधीही बिऱ्हाड करू नये. येथे लख्ख ऊन असताना वर घाटात पाऊस कोसळत असतो आणि लोंढा पाहता पाहता येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यावर पाचोळा आणि काटक्या वाहत येणे, प्रवाहाचा आवाज बदलणे, ही त्याची आगाऊ वर्दी होय. ती कळताच सामान टाकून उंचावर जावे. मागच्या पुराने झाडांच्या फांद्यांत अडकविलेला केरकचरा कोठवर आहे ते पाहावे आणि त्याच्याही बऱ्याच वर तंबू ठोकावा. अनोळखी डोहात उडी घेऊ नये, कारण खडकातले रांजणखळगे वरून दिसत नाहीत. हिवाळा-उन्हाळ्यात सत्तरीच्या रानांत माकडतापाचा उपद्रव आढळला आहे. तो गोचिडींच्या चाव्याने होतो, तेव्हा वनखात्याने मज्जाव केलेल्या भागात जाऊ नये आणि पाचोळ्यावर उघड्या अंगाने लोळू नये. चूल विझवावयाची ती पाण्याने, नुसत्या मातीने नव्हे. मार्च २०२३ मध्ये गोव्याच्या रानांत जागोजागी वणवे पेटले आणि ते विझवावयास नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली, हे प्रत्येक काडी ओढणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू. दूधसागरावरून कोसळणारे पाणी पुढे खांडेपार नदीत येते आणि त्या नदीचे पाणी ओपाच्या केंद्रात शुद्ध होऊन फोंडा व तिसवाडी तालुक्यांतील घराघरांत पोचते. कुळ्याच्या रानात कोणी साबणाने कपडे धुतले, बाटल्या फोडल्या किंवा कागदी ताटे नदीत सोडली, तर ती घाण आपल्याच घागरीकडे निघालेली असते. तंबूत एक रात्र काढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याने सकाळी त्याच पाण्यात तोंड धुतलेले असते.

म्हादईचे वारस

कोणी विचारील की, महागाई, बेकारी, रस्त्यांवरचे अपघात असे ज्वलंत प्रश्न समोर असताना तंबूंच्या आणि शेकोट्यांच्या गप्पा कशाला? याचे उत्तर म्हादईनेच दिले आहे. कर्नाटकातील खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात ती उगम पावते. तिच्या पाण्यासाठी तीन राज्यांचा तंटा लवादापुढे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा झाला. कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट, असे आकडे त्यात आले. २०२२ च्या डिसेंबरात कळसा-भांडुराच्या योजनेच्या अहवालास केंद्रीय जल आयोगाची मान्यता मिळाली, तेव्हा गोव्यात पुन्हा सभा झाल्या आणि म्हादई आमची माता असल्याच्या घोषणा दुमदुमल्या. त्या घोषणांत आमचाही सूर होता. परंतु घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या मातेचे मुख पाहिले होते? तिच्या काठी एक रात्र तरी किती जणांनी काढली होती? लवादापुढे वकील लढतील, तज्ज्ञ आकडे मांडतील. पण ज्या नदीला तिच्या लेकरांनी कधी पाहिलेच नाही, तिची बाजू पिढ्यान् पिढ्या कोण मांडीत राहील?

याउलट उदाहरणही ताजे आहे. २०२० मध्ये मोलेच्या अरण्यातून दुहेरी लोहमार्ग, रुंद महामार्ग आणि वीजवाहिनी नेण्याचे घाटत असल्याचे कळले, तेव्हा साथीच्या त्या निराश काळातही गोव्याचे तरुण उठले. त्यांनी चित्रे काढली, निवेदने लिहिली, अभ्यास केला, न्यायालयाचे दार ठोठावले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी लोहमार्गाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. त्या तरुणांपैकी अनेकांनी ते अरण्य पायांखाली घातले होते. तेथला धनेश त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि तेथले बेडूक रात्री बॅटरीच्या उजेडात मोजले होते. म्हणूनच त्यांच्या बोलण्यात धार होती. काकासाहेब कालेलकरांनी नद्यांना ‘लोकमाता’ म्हटले, त्यामागेही पायपिटीने मिळविलेली ओळख होती.

म्हणून शिक्षण खात्याला आणि वनखात्याला आमची विनंती आहे. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी, दोन दिवस आणि एक रात्र, गोव्याच्या एखाद्या नदीकाठी काढावी, अशी योजना हाती घ्यावी. त्यासाठी कोट्यवधींचे प्रकल्प नकोत. पंधरा-वीस तंबू, चार वाटाडे, पोहता येणारे दोन शिक्षक आणि वेळेवर निघणारी एक बस पुरे. पालकांना काळजी वाटेल. ती स्वाभाविक आहे. पण ज्या मुलाला चौदाव्या वर्षी जाणत्या माणसाने नदीची रीत शिकविली, ते मूल अठराव्या वर्षी मैनापीच्या डोहात आंधळेपणाने उडी घेणार नाही, एवढा विचार त्यांनी करावा.

रात्री शेकोटी विझते, रातव्याचा आवाज सुरू होतो आणि अंधारात नदीचे वाहणे दिवसापेक्षा मोठे ऐकू येते. शहरातले मूल पहिल्या रात्री त्या आवाजाने जागे राहते. दुसऱ्या दिवशी घरी परतल्यावर ते नळ सोडते आणि क्षणभर पाण्याकडे पाहत थांबते. ते थांबणे आपल्या पाठ्यपुस्तकांनी इतक्या वर्षांत साधलेले नाही. शासनाने बंदीचे फलक जरूर लावावेत. मात्र त्याच काठावर, थोडे वर, सुरक्षित जागी, आपल्या मुलांसाठी एक तंबूही उभारावा.